ओट्यावरचं म्हातारपण

सत्तरच्या दशकातल्या सोलापुरात दुपारी चारनंतर बाळीवेशीतून मधल्या मारुतीकडे चालत निघालं, की दर दुसऱ्या-तिसऱ्या ओट्यावर एखादं म्हातारं माणूस बसलेलं असायचं. कुणी ज्वारी निवडतंय, कुणी वाती वळतंय, कुणी नुसतंच येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकतंय. "कुणाची गं तू?" असं रोज विचारणारी एक कानडी अज्जी होती. माझं उत्तर तिला पाठ होतं. तरी ती विचारायची आणि मी रोज आजोबांचं नाव सांगायचे. साखर पेठेत, कन्ना चौकाच्या बाजूला गेलं की ओट्यावरची भाषा तेलुगू व्हायची आणि हातातलं काम बदलायचं. तिथल्या म्हाताऱ्या चरख्यावर कांड्या भरत बसलेल्या असायच्या. आत मागाचा खडखडाट, बाहेर चरख्याची घरघर. सत्तरी ओलांडलेल्या बाईला "आता बसून राहा" असं कुणी म्हणत नसे, कारण कांडी भरली नाही तर धोटा रिकामा राहायचा आणि माग थांबायचा.

माझे आजोबा गिरणीत साच्यावर होते. जुनी गिरणी १८७७ सालची. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या आल्या आणि सगळं शहर भोंग्यावर चालू लागलं. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी आजोबा पहिल्या भोंग्याला उठत. अंघोळ करून सिद्धेश्वराला पायी जात, तळ्याकाठी जुन्या सोबत्यांशी घटकाभर बोलत आणि परत येऊन ओट्यावर बसत. पाळी बदलल्याचा भोंगा झाला की जेवण. संध्याकाळी गिरणी सुटली की रस्त्यानं सायकलींचा लोंढा यायचा आणि त्यातले निम्मे लोक आजोबांना हात करून जायचे. कोणत्या खात्यात काय चाललंय, कोणत्या जॉबरनं कुणाची पाळी मारली, हे त्यांना घरबसल्या कळायचं. त्यांच्या दिवसाला एक आकार होता आणि तो घरातल्या कुणाला आखून द्यावा लागत नव्हता. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णूही थांबली. कामगारांच्या बेकारीबद्दल तेव्हा पुष्कळ लिहिलं गेलं, ते लिहायलाच हवं होतं. पण भोंगा गेल्यावर शहरातल्या म्हाताऱ्यांचे दिवस कसे विस्कटले, याबद्दल कुणी चार ओळी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

खाण्याचंही तसंच. दात गेलेल्या माणसासाठी वेगळा स्वयंपाक लागतो हे पेठेतल्या प्रत्येक घराला ठाऊक होतं आणि त्याची नावं ठरलेली होती. हुलग्याचं माडगं, ज्वारीच्या कण्या, ताकातली भाकरी. आमच्याकडे कडक भाकरीचा डबा कायम भरलेला असे. आजोबा ती आमटीत बुडवून मऊ करून खात, आणि शेंगाचटणी त्यांच्यासाठी खलबत्त्यात आणखी दोनदा कुटली जाई. उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसच्या आसपास पोचायचा. मग दिवसभर दारावर वाळ्याचा पडदा भिजवायचा आणि रात्री सगळ्यांनी माळवदावर झोपायचं. शेजारच्या माळवदावर तिसऱ्या घरातली आजी झोपलेली असे. रात्री ती खोकली तरी चार घरांना कळे.

आमच्या गल्लीत एक निवृत्त कारकून होते. वय झालं तसं त्यांचं भान सुटत चाललं. घरातून निघायचे आणि कचेरीच्या रस्त्याला लागायचे. कचेरीत जाऊन फाइल मागायचे. आज डॉक्टर याला डिमेन्शिया म्हणतील, गोळ्या देतील, घरच्यांना समजावून सांगतील. तेव्हा लोक एवढंच म्हणत की अण्णा बहकलेत. पण अण्णा हरवले असं कधी झालं नाही. कोंतम चौकातला पानवाला त्यांना बसवून घेई. टांगेवाला फुकट आणून सोडे. एकदा तर शाळेतली मुलंच त्यांचा हात धरून त्यांना घेऊन आली. अख्ख्या पेठेला त्यांचं घर माहीत होतं. त्यांना कुलुपात ठेवण्याचा विचारही कुणाच्या मनात आला नसावा.

इतकं सांगून थांबले तर ते खोटं होईल. कारण ओट्यावर बसू शकत होतं तोवरचं म्हातारपण आणि अंथरूण धरल्यानंतरचं म्हातारपण यांत फार अंतर होतं. माझी आज्जी अंगणात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. हाडवैद्यानं पट्टी बांधली, काढे दिले आणि विश्रांती घ्यायला सांगितली. त्या वयात शस्त्रक्रिया करायची असते हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यातही आलं नाही. वर्षभर ती माजघरातल्या खिडकीखाली पडून होती. पाठीला जखमा झाल्या. त्या आई रोज धुवायची. जुन्या लुगड्यांच्या घड्या करून खाली घालायच्या, भिजल्या की काढायच्या, सोड्यात उकळायच्या, वाळवायच्या, पुन्हा घालायच्या. पाणी आडाचं. रात्री आज्जी हाक मारायची ती आईलाच. आत्या घरात होती, ती शाळेत शिकवायला जायची आणि आल्यावर तीही राबायची. बाबा दारात उभे राहून "कसं वाटतंय आता?" असं विचारायचे. त्या वर्षी आईच्या सख्ख्या बहिणीचं लग्न बार्शीला झालं. आई गेली नाही. तिनं जावं असं कुणी सुचवलंही नाही.

आज्जी गेली तेव्हा लोक म्हणाले, भाग्याची म्हातारी, भरल्या घरात गेली. ते खरंच होतं. पण घर भरलेलं ठेवण्यासाठी एका बाईची कंबर कायमची गेली, हे कुणी बोललं नाही. आता एकत्र कुटुंबाबद्दल कुणी गहिवरून बोलू लागलं की मला त्या लुगड्यांच्या घड्या आठवतात. म्हाताऱ्यांची सेवा घर करत होतं, असं आपण म्हणतो. ती सेवा सुना करत होत्या, आणि सून नसेल तिथे बिनलग्नाची नाहीतर परत आलेली मुलगी करत होती. त्या बायकांचं स्वतःचं म्हातारपण कुठे गेलं, तेही विचारायला हवं.

त्याचं एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात मिळतं. ज्यांना घर नव्हतं किंवा घरात जागा नव्हती, अशा म्हाताऱ्या बायका, विशेषतः विधवा, क्षेत्रवासाला म्हणून पंढरपूर गाठत. एखाद्या वाड्यात किंवा मठात कोपरा मिळायचा. सकाळी चंद्रभागेचं स्नान, मग विठोबाचं दर्शन, दुपारी कीर्तन, आणि जमेल तसं कुणाच्या घरी दळण-कांडण. घरचे वर्षातून एखादा मनिऑर्डरचा कागद पाठवत, कधी तेही नाही. त्यांत काहीजणी मनापासून भक्तीसाठी आलेल्या असतील. पण सगळ्याच नसाव्यात. वृद्धाश्रम ही कालपरवा बाहेरून आलेली गोष्ट आहे, असं जे आपण सरसकट बोलतो ते मला म्हणून पटत नाही. पुण्यात डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह, ज्याला आज सगळे 'निवारा' म्हणतात, १८६३ मध्ये सुरू झालं. बाबा आमट्यांच्या आनंदवनात ज्येष्ठांसाठी 'उत्तरायण' आहे. १९९५ मध्ये राज्य सरकारनं मातोश्री वृद्धाश्रमांची योजना काढली. निराधार म्हातारी माणसं आपल्याकडे कायम होती, त्यांची सोय कुठेतरी लावली जात होती, फक्त ती पेठेतल्या ओट्यावरून दिसत नव्हती.

आता आत्याबद्दल सांगते. आत्यानं लग्न केलं नाही. महापालिकेच्या शाळेत ती आयुष्यभर शिकवत राहिली. वाडा विकला गेला, त्या जागी इमारत आली, आई-बाबा गेले, मी लग्न होऊन दुसऱ्या पेठेत आणि भाऊ नोकरीसाठी पुण्यात. आत्या जुळे सोलापुरात छोट्या फ्लॅटमध्ये एकटी राहू लागली. भावानं तिला वाकडला नेऊन पाहिलं. सातव्या मजल्यावरचं घर, सगळ्या सोयी, सून प्रेमळ. पण दिवसभर घरात कुणी नाही आणि खाली उतरलं तर ओळखीचं कुणी नाही. "इथं मला कुणी बोलावतच नाही बघ," असं ती फोनवर म्हणायची, आणि शेवटी हट्टानं परत आली.

सोलापुरात एकट्या म्हाताऱ्या माणसाला सगळ्यांत जास्त काय छळतं, असं मला कुणी विचारलं तर मी पाणी म्हणेन. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. कधी रात्री उशिरा, कधी पहाटे. ते आलं की उठून भांडी भरायची, बादल्या हलवायच्या, मोटर लावायची. चाळिशीतल्या माणसाला हे जमतं. ऐंशीच्या घरातल्या बाईसाठी पाण्याची रात्र म्हणजे पडण्याची रात्र. आत्याही पडली ती भरलेली बादली सरकवतानाच. हाड वाचलं, पण दारापर्यंत सरपटत यायला तिला सकाळ झाली. ते ऐकल्यावर मी तिला माझ्याकडे चल म्हणाले. मनापासून म्हणाले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुझ्या आईचं काय झालं ते विसरलीस होय?"

मग तिनं स्वतः शोध घेतला. रिक्षा ठरवून एकेक ठिकाण पाहून आली. एका ठिकाणी संडासाला पकडायला दांडा नव्हता, तर दुसऱ्या ठिकाणी सगळ्यांना एका रांगेत बसवून टीव्ही लावून दिला होता. तिनं शेवटी निवडलं ते शहराच्या बाहेर, पण एसटीच्या रस्त्यावरचं एक लहान ठिकाण. महिन्याला तिच्या पेन्शनचा मोठा भाग तिथे जातो, आणि तो ती स्वतः भरते. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आज्जीच्या पिढीत बिनलग्नाच्या बाईला म्हातारपणी भावाच्या घरचा कोपरा नाहीतर पंढरपूर. आत्यानं आपलं म्हातारपण स्वतः पाहून, दर विचारून, अटी घालून घेतलं.

तिथला दिवस मला आता चांगला माहीत आहे. सकाळी सहाला चहा, त्यात साखर कुणाला किती याची यादी स्वयंपाकघरात भिंतीवर. मग रक्तदाब बघणं, गोळ्यांचे कप्पे असलेली डबी, ज्याला जमेल त्याला अंगणात चालणं. नाश्त्याला उप्पीट, पोहे, आणि आत्याच्या आग्रहामुळे आठवड्यातून एकदा ज्वारीच्या कण्या. दैनिक 'संचार'चे दोन अंक येतात आणि ते कोण आधी वाचणार यावरून रोज वाद होतो. दुपारी जेवायला ताजी मऊ भाकरी, पातळ भाजी आणि बारीक कुटलेली चटणी. तिथे काम करणाऱ्या मावशी आसपासच्या गावांतून येतात. एक अक्कलकोटकडची आहे, ती कानडीत बोलते, आणि ज्या आजींचं मराठी आता सुटत चाललंय त्यांच्याशी तिचंच जमतं. सोलापूरच्या म्हातारपणाला तीन भाषा लागतात. आजार वाढला की माणूस आईच्या भाषेकडे परत जातो, हे मी तिथे डोळ्यांनी पाहिलं. तेलुगू बोलणारं माणूस नसेल तर साखर पेठेकडच्या आजोबांनी दुखतंय कुठे ते सांगायचं कुणाला?

औषधोपचाराच्या बाबतीत जुन्या काळाकडे मी एकदाही आशेनं पाहणार नाही. आज्जीचा मोतीबिंदू काढल्यावर तिच्या डोळ्यांवर बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचा आल्या, आणि त्यांतूनही बाजूचं काही दिसेना म्हणून ती दारावर आपटायची. आत्याच्या डोळ्यात भिंग बसवलं आणि दुसऱ्या दिवशी ती माझ्या साडीचा रंग फिका पडलाय म्हणाली. खुबा मोडलेल्या माणसाची शस्त्रक्रिया होते आणि दोन-तीन दिवसांत त्याला वॉकर धरून उभं करतात. अंथरुणावरच्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं, हे तिथल्या आठवी शिकलेल्या मावशीला कळतं. माझ्या आईला ते कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं जीव ओतला, पण जखमा झाल्याच. त्या मावशीला पगार मिळतो, आठवड्याची सुट्टी मिळते, पाठ दुखली तर दुसरी येते. पगार आणखी हवा, कारण हे काम साध्या घरकामाहून कितीतरी जड आहे. पण सेवा करणाऱ्या बाईच्या कष्टाची किंमत निदान ठरवली तरी जाते.

तिथे साखर पेठेतले एक विणकर आजोबा आहेत. मुलगा कामासाठी भिवंडीला, बायको गेलेली. सुरुवातीला ते दिवसभर खाटेवर बसून भिंतीकडे बघत. जेवायचे, पण बोलायचे नाहीत. व्यवस्थापक बाईंनी एक दिवस धुतलेल्या चादरींचा ढीग त्यांच्यासमोर ठेवला आणि घड्या घालून द्या म्हणाल्या. त्यांनी पहिली चादर उचलली, किनार बोटांतून सरकवून बघितली, विणीत कुठे धागा तुटलाय ते दाखवलं आणि मग घडी घातली. तेव्हापासून तिथल्या सगळ्या चादरी-टॉवेलांची घडी त्यांची. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण ती विणणाऱ्या हाताला म्हातारपणी काय द्यायचं याचा विचार फार थोड्या लोकांनी केला. त्या बाईंनी केला. हे काम देणं औषधाइतकंच जरुरीचं आहे, असं मी तिथे जाऊन येऊन ठामपणे म्हणू शकते.

आणि तरीही तिथे काय कमी आहे ते मला दर भेटीत दिसतं. रस्ता नाही. म्हणजे डांबरी रस्ता आहे, पण त्यावरून ओळखीचं माणूस जात नाही. भाजीवाली हाक मारत नाही, शाळा सुटल्याचा गलका येत नाही, "कुणाची गं तू?" असं विचारावं असं पोर समोरून पळत नाही. सगळे म्हातारे एका ठिकाणी, एकाच वयाचे, एकमेकांची दुखणी ऐकणारे. आणि फाटकाला कुलूप. त्याचं कारण मला कळतं. आत दोघं-तिघं आमच्या अण्णांसारखी आहेत आणि बाहेर ट्रक धावतात. अण्णांना परत आणून सोडणारी पेठ तिथे नाही, तर कुलूप लावण्यावाचून व्यवस्थापक तरी काय करणार?

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत ही उणीव फार जाणवते. आमच्या लहानपणी संक्रांतीच्या दिवसांत उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून नंदीध्वज निघाले, की ओट्यावरच्या म्हाताऱ्यांना आपोआप पहिली रांग मिळायची. अंथरुणावरच्यांना खाटेसकट दारात आणत. बाराबंदी घातलेली, नंदीध्वज पेलणारी पोरं ओळखीची असत आणि जाताजाता म्हाताऱ्यांना नमस्कार करून जात. अक्षता सोहळा बघायला आजोबा शेवटच्या वर्षीही दोन नातवंडांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. आता संस्था ज्यांना चालता येतं त्यांना गाडी करून होम मैदानापर्यंत नेते आणि गर्दी व्हायच्या आत परत आणते. ते कौतुकाचंच आहे. बाकीचे मोबाइलवर बघतात.

यातलं सगळंच पैसे भरू शकणाऱ्यांबद्दल झालं. पुण्यात 'अथश्री'सारखे ज्येष्ठांसाठी बांधलेले प्रकल्प आहेत, तिथे घर विकत घेऊन राहता येतं, दवाखाना, जेवणघर, कार्यक्रम सगळं आवारात. सोलापूरच्या बहुसंख्य म्हाताऱ्यांना हे परवडणारं नाही. गिरणी कामगार, यंत्रमाग कामगार, विडी कामगार यांचं हे शहर. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेत किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. श्रावणबाळ योजनेत १,५०० रुपये मिळतात. एवढ्यात एखाद्याची रक्तदाब-मधुमेहाची औषधं आणि चहा-बिस्किटं भागतील, खोली मिळणार नाही.

म्हणून मला सोलापूरजवळच्या कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीबद्दल बोलायलाच हवं. विडी कामगार बायकांची १०,००० घरं. कामगार नेते आडम मास्तर आणि त्यांच्या संघटनेनं लढून मिळवलेली, २००६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिलेली. ही घरं बाईच्या नावावर असण्याचं मोल म्हातारपणी कळतं. घर तिचं म्हटल्यावर तिला त्यातून बाहेर काढणं सोपं नाही. संध्याकाळी तिथे गेलं की सत्तरच्या दशकातली साखर पेठ पुन्हा दिसते. दाराशी बसलेल्या बायका, मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली पानं, शेजारी नातवंड अभ्यास करतंय. डोळे अधू झालेली म्हातारी पान कापत नाही, पण विड्यांची बंडलं बांधते. त्या तंबाखूनं छातीचे आजार होतात, वाकून बसून पाठीचे मणके जातात, या वयात पोटासाठी विड्या वळाव्या लागणं ही लाजेची गोष्ट आहे. हे म्हटल्याशिवाय त्या ओट्याचं गुणगान मला करता येणार नाही. पण तिथली आजी एकटी नाही. ती दोन दिवस दिसली नाही तर शेजारीण दार ठोठावते.

कायदाही आता आहे. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा. प्रांताधिकाऱ्यांकडे साधा अर्ज करता येतो, वकील लागत नाही, मुलांनी महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत द्यावेत असा आदेश होऊ शकतो. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र करून दिलेलं घर, अट पाळली नाही तर परत मिळवता येतं. लातूर जिल्हा परिषदेनं तर आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा ३० टक्के पगार कापायचा ठराव केला. आत्याच्या शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांना मी या कायद्याबद्दल सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "पैसे मिळतील हो. पण पोरगा आला तर आदेशामुळे आला असं वाटत राहील." त्यांनी अर्ज केला नाही. ज्यांच्या पोटाचा प्रश्न आहे त्यांनी मात्र करावा, मुळीच संकोचू नये. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या सगळ्यांना एसटी फुकट आहे, आणि आत्या त्याचा पुरेपूर फायदा घेते. संस्थेतल्या तिघी-चौघींना गोळा करून ती अक्कलकोटला, तुळजापूरला जाते. कंडक्टर वय विचारतो तेव्हा मोठ्यानं सांगते. रेल्वेची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये बंद झाली, आणि त्याचा तिला अजून राग आहे.

मला आता साठी उलटून गेली आहे. मुलगी पुण्यात, हुतात्मा एक्स्प्रेसनं येते-जाते. मागच्या दिवाळीत ती म्हणाली, "आई, तुझं आणि बाबांचं पुढे काय करायचं ते आत्ताच बोलून ठेवू या." मला तिचं बोलणं आवडलं. तिनं माझ्यासाठी कंबर मोडून घ्यावी असं मला मुळीच वाटत नाही. मी तिला माझ्या अटी सांगितल्या. जागा शहराच्या आत हवी, पेठेत असली तर उत्तम. महापालिकेच्या शाळांचा पट घटून वर्ग रिकामे पडलेत. त्यातल्या एखाद्या शाळेत खालच्या मजल्यावर आम्ही आणि वर पोरं, असं का होऊ नये? आत्यासारख्या बाईला त्या पोरांचे पाढे घेता येतील, विणकर आजोबांना कुणी माग आणून दिला तर पोरं बघायला तरी येतील. रात्री घरी झोपू शकणाऱ्यांना दिवसभर तिथे बसता यावं. पाण्याची सोय संस्थेनं बघावी. मावशींना रजा आणि नीट पगार हवा. मराठी, कानडी, तेलुगू तिन्ही बोलणारी माणसं हवीत. ज्वारीची भाकरी रोज. आणि रस्त्याच्या बाजूला ओटा हवा, फाटकाच्या बाहेरचा.

मुलीनं हे सगळं मोबाइलमध्ये टिपून घेतलं. म्हणाली, अशी जागा तयार तर मिळणार नाही, माणसं जमवून उभी करावी लागेल, आणि त्याला दहा वर्षं लागतील. मी म्हटलं, मग लगेच लागू या कामाला. आत्याच्या जुन्या शाळेतल्या मुख्याध्यापक बाईंची भेट ठरली आहे. आत्या म्हणते, मीही येणार, त्या शाळेचा कोणता वर्ग कोरडा आणि कोणता पावसात गळतो ते मला माहीत आहे.